स्क्रीनवर १४ नग, शेल्फवर शून्य: साठ्याचा आकडा खरा कसा ठेवायचा?

गोदामकर | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतोच.

मी एका साखळी दुकानांच्या मध्यवर्ती गोदामात मालाच्या पाठवणीचं काम बघतो. वर्षभरापूर्वी आमच्याकडे ऑर्डर आपोआप निघायची व्यवस्था आली. दुकानातला साठा ठरलेल्या पातळीच्या खाली गेला की सिस्टिम मागणी तयार करते, आमच्याकडे यादी येते, दुसऱ्या दिवशी गाडी सुटते. आधी दुकानातली माणसं नजरेने अंदाज घेऊन मागणी पाठवायची. त्या मानाने हे फारच बरं आहे, यात शंका नाही.

पण परवा एका दुकानात स्वतः गेलो. हात धुवायच्या लिक्विडचा एक चांगला खपणारा प्रकार आहे. शेल्फवर त्याच्या नावाची पट्टी होती, पण मागे जागा रिकामी. तिथेच उभं राहून सिस्टिम उघडली तर साठा १४ नग. शेवटची विक्री ११ दिवसांपूर्वीची. मागच्या खोलीत शोधलं, तिथेही नाही. १४ नग म्हणजे सिस्टिमच्या हिशेबाने भरपूर माल, त्यामुळे ती मागणी काढणारच नाही. मी गेलो नसतो तर ती जागा आणखी किती दिवस तशीच राहिली असती कोण जाणे. आणि त्याच मागच्या खोलीत, महिनोन्महिने न हलणाऱ्या वस्तूंचे खोके छताला टेकलेले.

वरिष्ठांचं म्हणणं असं की मागणीचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर कमी पडतंय, आणखी चांगलं घेऊ. मला वाटतं आधी हा १४ चा आकडा दुरुस्त व्हायला हवा. पण हे पटवून कसं द्यायचं आणि सुरुवात कुठून करायची? या क्षेत्रातल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

शेल्फवाली | शनिवार, रात्री १०.२५

अगदी माझ्या जिव्हाळ्याचा विषय. मी आठ वर्षं दुकानाच्या मजल्यावर आहे, त्यातली पाच सुपरवायझर म्हणून. आकडा कसा बिघडतो ते रोज डोळ्यांसमोर बघते.

सगळ्यात मोठा दरवाजा म्हणजे बिलाचा काउंटर. गिऱ्हाईक एकाच कंपनीचे चार वेगवेगळ्या वासांचे साबण घेऊन येतं. किंमत एकच. रांग मोठी असते, कॅशिअर एकच साबण चारदा स्कॅन करते. पैसे बरोबर, बिल बरोबर, साठा मात्र चार ठिकाणी चुकला. एका प्रकाराचे तीन नग उगाच कमी झाले आणि तीन प्रकारांचा एकेक नग स्क्रीनवर कायमचा राहिला.

दुसरा दरवाजा माल उतरवून घेण्याचा. गाडी दारात उभी, ड्रायव्हर घाईत, मग खोके मोजून सही होते. आतले नग कुणी मोजत नाही. खोक्यात १२ नग आहेत की २४, हे सिस्टिममध्ये एकदा चुकीचं भरलं गेलं की त्यानंतरची प्रत्येक आवक चुकते. फुटलेला माल कचऱ्यात जातो पण नोंदीतून वजा होत नाही. गिऱ्हाइकाने परत आणलेली वस्तू भलत्याच कोडवर जमा होते. चोरी आहेच, पण सगळं चोरीवर ढकलू नका. माझ्या अनुभवात साध्या घाईच्या चुकाच जास्त असतात.

आता मुख्य मुद्दा. आकडा कोणत्या बाजूला चुकलाय हे बघा. स्क्रीनवर कमी आणि प्रत्यक्षात जास्त असेल तर माल जादा येतो, खोके अंगावर पडतात, कुणीतरी ओरडतं आणि चूक सापडते. स्क्रीनवर जास्त आणि शेल्फवर शून्य असेल तर कुणीच ओरडत नाही. वस्तू नाही म्हणून विक्री नाही, विक्री नाही म्हणून साठा हलत नाही, साठा हलत नाही म्हणून ऑर्डर नाही. गिऱ्हाईक दुसरं काहीतरी घेतं किंवा निघून जातं. तुमचे १४ नग याच जातीचे.

आकडेमोड | शनिवार, रात्री ११.१०

शेल्फवाली, उत्तम प्रतिसाद.

गोदामकर, वरिष्ठांना दाखवायला एक भक्कम आधार देतो. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका मोठ्या साखळीच्या ३७ दुकानांतल्या जवळपास ३,७०,००० साठा-नोंदी त्यांनी तपासल्या. प्रत्यक्ष मोजणीशी ६५ टक्के नोंदी जुळत नव्हत्या. ही साखळी मागासलेली नव्हती, संगणकीकृत होती. आणि शेल्फ रिकामं का राहतं यावर ग्रुएन आणि कॉर्स्टेन यांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये जे मांडलं, त्यात माल संपलेला असण्याचं सरासरी प्रमाण ८.३ टक्के निघालं. त्यातली ७० ते ७५ टक्के कारणं दुकानातली होती: मागणीच चुकीची गेली, उशिरा गेली, किंवा माल मागे पडून राहिला आणि शेल्फवर आला नाही. म्हणजे तुमची शंका रास्त आहे. अंदाजाचं सॉफ्टवेअर साठ्याच्या आकड्यावरच उभं असतं.

आता करता येण्यासारखं काहीतरी. 'साठा आहे पण विक्री शून्य' अशी यादी रोज सकाळी काढा. फक्त सगळ्या वस्तूंना 'इतके दिवस विक्री नाही' ही एकच मोजपट्टी लावू नका. जी वस्तू रोज सरासरी २ नग खपते ती सलग तीन दिवस अजिबात न खपण्याची शक्यता साधारण ४०० मध्ये १. तिथे तिसऱ्या दिवशीच माणूस शेल्फपाशी पाठवा. जी वस्तू दहा दिवसांत एकदा खपते ती ११ दिवस न खपण्याची शक्यता ३३ टक्के आहे. तिथे धावाधाव करून काही हाती लागणार नाही. प्रत्येक वस्तूच्या सरासरी खपावरून तिचे 'संशयाचे दिवस' ठरवा. सरासरी काढताना माल संपलेले दिवस वगळा, नाहीतर रिकाम्या शेल्फचे दिवस कमी मागणीचे म्हणून मोजले जातात आणि चूक स्वतःलाच खतपाणी घालते.

आणखी एक, उणे साठ्याची, म्हणजे सिस्टिममधला आकडा शून्याच्याही खाली गेलेल्या वस्तूंची, यादी काढली आहे का कधी?

गोदामकर | रविवार, सकाळी ८.०५

उणे साठा? आमच्या रिपोर्टमध्ये तसं काही दिसत नाही, शून्यच दिसतं. विचारून बघतो.

संशयाच्या दिवसांची कल्पना फारच आवडली. आम्ही सरसकट ३० दिवस ठेवले होते.

नवशिका | रविवार, सकाळी ९.३०

मी या क्षेत्रात अगदी नवीन. शंका बाळबोध असेल तर माफ करा. वर्षातून एकदा दुकान बंद ठेवून सगळं मोजतात ना? मग आकडे तेव्हा नीट होत नाहीत का?

शेल्फवाली | रविवार, सकाळी १०.१५

नवशिका, शंका अजिबात बाळबोध नाही.

वार्षिक मोजणी हिशेबासाठी लागते, ताळेबंदात साठ्याची किंमत दाखवावी लागते म्हणून. शेल्फ भरलेलं राहावं यासाठी तिचा उपयोग थोडा. एका रात्रीत हजारो वस्तू मोजायच्या, बाहेरून आणलेली माणसं, पहाटेपर्यंत सगळे पेंगुळलेले. त्या मोजणीत नव्या चुका शिरतात. आणि दुसऱ्या दिवशी कॅशिअर पुन्हा चार साबण एकाच कोडवर मारतेच.

त्याऐवजी चक्री मोजणी. रोज थोड्या वस्तू, वर्षभर. जास्त उलाढालीच्या वस्तू महिन्यातून एकदा, मधल्या तीन महिन्यांतून, बाकीच्या वर्षातून एक-दोनदा. मी त्यात एक बदल करते: वस्तू संपल्यासारखी दिसली की ती त्याच दिवशीच्या यादीत. शेल्फवर शून्य किंवा एक नग असताना मोजायला मिनिटसुद्धा लागत नाही, आणि चूक असली तर नेमकी तिथेच उघडी पडते.

मोजणाऱ्याच्या हातात सिस्टिमचा आकडा देऊ नका. १४ दिसले की माणूस १३ मोजून १४ लिहितो, वाईट हेतूने नाही, स्वतःवरच शंका येते म्हणून. कोरा कागद द्या. मोजणी दुकान उघडण्याआधी करा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या टोपलीतला माल आणि अजून न झालेलं बिल यांचा घोळ होत नाही.

हिशेबनीस | रविवार, दुपारी १२.५०

मी लेखापरीक्षणाच्या बाजूने बोलतो. आकडा दुरुस्त करायची मुभा दुकानातल्या प्रत्येकाला दिली तर चोरी झाकायला याहून सोपा मार्ग नाही. तीन महागड्या वस्तू घरी न्यायच्या आणि 'मोजणीत कमी निघाल्या' म्हणून नोंद करायची. हे मी प्रत्यक्ष पकडलेलं आहे. दुरुस्तीला वरिष्ठांची मंजुरी हवीच.

शेल्फवाली | रविवार, दुपारी १.३०

हिशेबनीस, तुमची काळजी खरी आहे. पण मंजुरीची दुसरी बाजू मी भोगली आहे. पूर्वीच्या एका नोकरीत प्रत्येक दुरुस्तीसाठी फॉर्म, सही आणि खुलासा लागायचा. आकडा कमी निघाला की सुपरवायझरला 'तुमच्या दुकानात एवढी तूट का' असं विचारायचे. परिणाम काय झाला? दुरुस्ती करणंच थांबलं. कागदावर तूट शून्य, वरचे खूश, शेल्फ रिकामी. माझ्या हाताखालच्या मुली मला कुजबुजून सांगायच्या की ताई, ही वस्तू नाहीये, पण नोंद केली तर उलट आपल्यालाच धरतील. खरं सांगणाऱ्याला शिक्षा होते तिथे आकडा खरा राहूच शकत नाही.

हिशेबनीस | रविवार, दुपारी ४.१०

हे मान्य करावं लागेल. मग मधला मार्ग असा: ठरावीक किमतीपर्यंतची दुरुस्ती दुकानाने लगेच करावी, कारण मात्र निवडावंच लागेल (फुटलं, आवक चुकली, कोडची अदलाबदल, कारण सापडत नाही). त्यावरची दुरुस्ती दोन माणसांनी मिळून. लेखापरीक्षकाने एकेका नोंदीमागे न लागता नमुना शोधावा: एकाच पाळीत, एकाच विभागात, लहान आणि महागड्या वस्तू पुन्हा पुन्हा 'कारण सापडत नाही' मध्ये जातात का. चोर तिथे दिसतो. आणि कमी तुटीचं बक्षीस द्यायचं असेल तर आधी अचानक मोजणी करून आकडा पडताळावा.

गोदामकर | रविवार, रात्री ९.००

ही चर्चा छापून दुकानांना पाठवतोय.

एक उपप्रश्न. वरून आदेश आलाय की तोवर सगळ्या चांगल्या खपाच्या वस्तूंचा सेफ्टी स्टॉक (अडीअडचणीसाठी राखून ठेवलेला जादा साठा) दीडपट करा. हे बरोबर आहे का?

आकडेमोड | रविवार, रात्री १०.३५

सरसकट दीडपट करणं मला धोक्याचं वाटतं. आकडेमोड करून दाखवतो.

समजा एक वस्तू रोज सरासरी २० नग खपते आणि रोजच्या खपाचं प्रमाण विचलन (सरासरीपासून आकडे किती वरखाली होतात त्याचं माप) ६ नग आहे. मागवल्यापासून माल ९ दिवसांनी येतो, अगदी न चुकता. शंभरातल्या ९५ वेळा माल पुरावा असं हवं असेल तर गुणक १.६५. सेफ्टी स्टॉक = १.६५ × ६ × ९ चं वर्गमूळ, म्हणजे जवळपास ३० नग. रीऑर्डर पातळी, म्हणजे जिथे साठा आला की नवी ऑर्डर काढायची तो आकडा, ९ दिवसांचा खप १८० अधिक ३०, म्हणजे २१०. पंच्याण्णवऐवजी ९९ वेळा हवं असेल तर गुणक २.३३, सेफ्टी स्टॉक ४२.

आता एकच गोष्ट बदला. माल सरासरी ९ दिवसांनीच येतो, पण कधी सहा दिवसांत, कधी बारा. या दिवसांचं प्रमाण विचलन ३. बाकी सगळं तेच. तर ९५ टक्क्यांसाठीच सेफ्टी स्टॉक होतो १०३ नग. तिपटीहून जास्त! गिऱ्हाइकाच्या वागण्यात काडीचाही बदल नाही, फक्त गाडी बेभरवशाची झाली. उलट पुरवठादाराशी बोलून हे विचलन ३ वरून १ वर आणलं तर ४४ नगांत काम भागतं.

म्हणून आधी प्रत्येक पुरवठादाराचे गेल्या सहा महिन्यांतले प्रत्यक्ष दिवस काढा. करारात लिहिलेले दिवस बाजूला ठेवा, मागणीची तारीख आणि उतरवून घेतल्याची तारीख यांतलं अंतर घ्या. जिथे गाडी वेळेवर येते तिथे दीडपट साठा म्हणजे अडकलेलं भांडवल, जिथे येत नाही तिथे दीडपटही पुरणार नाही. आणि ज्या वस्तूचा आकडाच खोटा आहे तिथे १४ खोट्या नगांवर पातळी १५ करून एकदा ऑर्डर निघेल, मूळ दुखणं तसंच राहील.

वेळापत्रक | रविवार, रात्री ११.२०

आकडेमोड, एक दुरुस्ती. ऑर्डर रोज निघत असेल तरच ९ दिवस धरायचे. त्या पुरवठादाराला आठवड्यातून एकदाच ऑर्डर जात असेल तर मधले ७ दिवसही झाकावे लागतात, म्हणजे १६ दिवस. तुमच्या पहिल्या उदाहरणात ३० च्या जागी ४० नग लागतील. हे हमखास विसरलं जातं.

आकडेमोड | सोमवार, सकाळी ७.४५

बरोबर. मी रोजची ऑर्डर गृहीत धरली होती, लिहायला हवं होतं. धन्यवाद.

पलीकडचा | सोमवार, दुपारी २.१५

मी पुरवठादाराच्या बाजूला आहे, उत्पादकाच्या वितरण विभागात. गाडी बेभरवशाची का होते ते आमच्या बाजूनेही ऐका.

तुमच्या दुकानांत एखादी वस्तू महिनाभर एकसारखी खपत असते. आमच्याकडे मात्र तीन आठवडे शांतता आणि महिनाअखेरीला डोंगराएवढी ऑर्डर. सवलत जाहीर झाली की तिप्पट, ती संपली की दोन महिने शून्य. आम्हाला कुठे माहीत की खरा खप काय? आम्ही डोंगर बघून कारखान्याला सांगतो, कारखाना त्यावर आणखी थोडा जोडून कच्चा माल मागवतो. जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्येच हा लाटा वाढत जाण्याचा प्रकार मांडला होता. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बलला आपल्या डायपरच्या बाबतीत तोच दिसला: बाळं रोज सारखेच डायपर वापरतात, दुकानातला खपही जवळपास स्थिर, पण वितरकांच्या ऑर्डर वरखाली. ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी १९९७ मध्ये त्याची चार कारणं सांगितली: प्रत्येक पायरीवर ऑर्डरलाच मागणी समजणं, ऑर्डर साठवून एकदम देणं, किमतीतले चढउतार, आणि टंचाईच्या भीतीने गरजेपेक्षा जास्त मागणं. शेवटचं तर आम्ही दर टंचाईत बघतो. १०० हवे असतात, २०० मागतात, कारण निम्मेच मिळणार हे धरून चालतात. टंचाई सरली की अर्ध्या ऑर्डर रद्द.

लहान आणि नियमित ऑर्डर द्या. खर्च वाढेल म्हणून लोक घाबरतात. पण सगळ्यात कमी खर्चाची ऑर्डर किती नगांची हे सांगणारं फोर्ड हॅरिस यांचं १९१३ चं सूत्र आहे. त्याने जी ऑर्डर येते तिच्या निम्मी दिली तरी ऑर्डरचा आणि साठवणुकीचा एकत्रित खर्च २५ टक्केच वाढतो. नियमितपणामुळे आम्हाला गाडी भरून वेळेवर पाठवता येते, तो फायदा या सूत्रात धरलेलाच नाही.

गोदामकर | सोमवार, रात्री ८.५०

पलीकडचा, मनापासून लिहिलंत. मीही स्पष्ट लिहितो. आम्ही एका पुरवठादाराला विक्रीचे रोजचे आकडे द्यायला सुरुवात केली होती. तिमाही संपत आली की त्यांचा माणूस तेच आकडे दाखवून 'तुमचा साठा कमी आहे' म्हणत जादा माल गळ्यात मारायचा. शेवटी आकडे देणं बंद केलं.

पलीकडचा | सोमवार, रात्री ९.३०

होतं असं, नाकारत नाही. विक्री विभागाला तिमाहीचं लक्ष्य असतं, वितरण विभागाला वेगळं. आकडे द्या, पण सोबत साठ्याची वरची आणि खालची मर्यादा लेखी ठरवा. मर्यादेच्या वर गेलेला माल आमच्या खर्चाने परत. आमच्याकडे अशी अट असलेल्या साखळ्यांना तिमाहीअखेरचा माल जात नाही, कारण परत येणार हे विक्रीवाल्यांनाही कळतं.

टॅगधारी | मंगळवार, सकाळी ११.००

आम्ही कपड्यांच्या दुकानांत आरएफआयडी (रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारे टॅग) लावलं. हातातलं यंत्र रॅकजवळून फिरवलं की शेकडो नग मोजून होतात, त्यामुळे पूर्ण मोजणी दर आठवड्याला होते. कपड्यांत साइज आणि रंग यांमुळे हे सोन्यासारखं आहे. पण गोदामकर, तुमच्याकडे बाटल्या आणि डबे जास्त दिसतात. द्रव आणि धातू यांच्याजवळ टॅग नीट वाचले जात नाहीत, आणि स्वस्त वस्तूला टॅगचा खर्च झेपत नाही. तुम्हाला बारकोड आणि शिस्त यांवरच भागवावं लागेल.

आकडेमोड | मंगळवार, दुपारी १२.२०

शिस्तीवरून आठवलं. टार्गेट या अमेरिकन साखळीने २०१३ मध्ये कॅनडात पहिली दुकानं उघडली आणि जानेवारी २०१५ मध्ये सगळी १३३ दुकानं बंद करण्याची घोषणा केली. कारणं अनेक, पण गोदामं भरलेली आणि शेल्फ रिकामी हे दृश्य सर्वांनी पाहिलं. वस्तूंची मूळ माहिती घाईघाईने भरली गेली होती, लांबी-रुंदीसारख्या साध्या नोंदीही चुकलेल्या. गोदामकर, तुमच्याकडे नव्या वस्तूची माहिती कोण भरतं?

गोदामकर | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०.१०

मंडळी, १४ नग सापडले!

आकडेमोड यांनी उणे साठ्याचं विचारलं होतं. आयटी विभागाला विचारलं तर कळलं की रिपोर्टमध्ये उणे आकडे मुद्दाम शून्य करून दाखवले जातात, 'दिसायला वाईट दिसतात' म्हणून. ती गाळणी काढायला लावली. त्या दुकानाची उणे यादी चार पानं निघाली. आणि त्यात हात धुवायचं तेच लिक्विड, उणे १४.

झालं होतं असं. कंपनीने वेष्टन बदललं, बाटलीवर नवा बारकोड आला. पण त्या खेपेच्या चलनावर (मालासोबत येणाऱ्या कागदावर) जुनाच कोड छापलेला, आमच्या माणसांनी चलन बघून जुन्या कोडवर आवक केली. शेवटच्या खोक्यातल्या १४ बाटल्या नव्या वेष्टनातल्या होत्या. त्या काउंटरवर नव्या कोडने विकल्या गेल्या. जुना कोड १४ वर गोठला, नवा उणे १४ वर गेला. नव्या कोडला तरी ऑर्डर निघायला हवी होती, पण वस्तूची माहिती भरताना त्याची आपोआप ऑर्डर 'चालू' करायची राहिली होती. एकही बाटली चोरीला गेली नव्हती, एकही हरवली नव्हती. सगळ्या विकल्या गेल्या आणि त्यांचे पैसेही जमा झाले.

उणे आणि अधिक अशा जोड्या लावत बसलो तर अशाच आणखी २३ वस्तू मिळाल्या, तीन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या. आता चलनावर जुना आणि नवा कोड दोन्ही असल्याशिवाय बदललेल्या वेष्टनाचा माल उतरवून घ्यायचा नाही असं ठरलंय. संशयाच्या दिवसांची यादी दोन दुकानांत रोज सकाळी निघते. सेफ्टी स्टॉक दीडपट करायचा आदेश तूर्त थांबवलाय, पुरवठादारांचे प्रत्यक्ष दिवस काढायचं काम चालू आहे. नव्या सॉफ्टवेअरची बैठक पुढच्या महिन्यात आहे, तिथे ही चार पानं घेऊन जाणार.

शेल्फवाली | शनिवार, रात्री १०.४०

वाचून फार आनंद झाला! एक लगेच करा. त्या २३ वस्तूंच्या जुन्या कोडच्या पट्ट्या शेल्फवरून काढल्यात का? पट्टी राहिली तर पुढच्या मोजणीला येणारी मुलगी तीच स्कॅन करून नव्या बाटल्या पुन्हा जुन्या कोडवर मोजेल.

गोदामकर | शनिवार, रात्री १०.५५

नाही काढल्या. उद्या दुकान उघडायच्या आधी तिथे जातो.